मागच्या दाराची कडी

ये, अशी माझ्याजवळ बस. अगं, अजून जवळ, त्या खुर्चीच्या टोकावर नको. कोट अंगावर, पर्स मांडीवर, नेहमी उठून जायच्या तयारीत असतेस. याला आजीकडे बसणं म्हणत नाहीत. आता तू समोर नाहीस हे मला कळतंय, तू लंडनला आणि मी इथे लेस्टरला. पण बोलायला सुरुवात करताना मला माणूस जवळ लागतं, म्हणून बस म्हणते. मराठी तुला वाचता येत नाही. बाबाकडून वाचून घे, त्यालाही जरा सराव होईल. आणि हे आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकात छापून येणार आहे, तेव्हा बाकीच्यांनीही वाचावं. खरं तर बाकीच्यांनी आधी वाचावं.

तू आमच्यावर टीव्हीची फिल्म केलीस, त्याबद्दल बोलायचंय. पण या घरात टीव्ही कसा आला ते आधी ऐक, म्हणजे माझं दुखणं कुठे आहे ते कळेल.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा तुझे आजोबा मोजे-बनियनच्या कारखान्यात फिटर होते. सोलापूरला गिरणीत शिकलेलं काम, तेच इथे. विलायतेतला नवरा म्हणून मी काय काय मनात धरून आले होते, आणि विमानतळावर भेटला तो माझ्याएवढ्याच उंचीचा, कानात कापसाचे बोळे राहून गेलेले. घर लाल विटांचं, रांगेतलं, पुढचं दार उघडलं की पाय थेट फुटपाथवर. मागे स्वयंपाकघर, त्याच्या दारातून बाहेर पडलं की छोटं अंगण, अंगणात संडास, आणि अंगणाच्या फाटकातून मागची गल्ली. ही रचना नीट लक्षात ठेव. तुला माहीत आहे, तरी ठेव.

यांना दुपारची पाळी असायची. जेवून जायचे ते रात्री परत. मी एकटी कंटाळेन, इंग्रजीही शिकेन, म्हणून भाड्याने टीव्ही आणला. दुपारी त्यावर जुने काळे-पांढरे सिनेमे लागायचे. टोप्या घातलेल्या बायका रेल्वे स्टेशनवर उभ्या, गाडी सुटतेय, रडू आलंय पण रडत नाहीत. मला फार नवल वाटायचं. आपल्याकडे स्टेशनवर रडतात तर सगळं खानदान रडतं.

मग ती गोरी पोरं यायला लागली. शाळा सुटली की आपल्या रस्त्यावरून जायची, आणि आपल्या लोकांची घरं त्यांना पाठ होती. आधी नुसतं दार वाजवून पळायची. मग दारातल्या फटीतून, लेटरबॉक्समधून, कचरा टाकायला लागली, मग आणखी नको ते. एक दिवस पेटता फटाका आत आला. पायपुसणं जळलं, पडद्याच्या कडेला धग लागली. मी पाण्याची बादली ओतली आणि जिन्यावर बसून राहिले. तुझा बाबा तेव्हा पोटात होता.

यांना सांगितलं तर म्हणाले, "पाळी बदलून घेतो." पाळी काही बदलून मिळेना. तेव्हा मी म्हणाले, "बाहेरून कुलूप लावून जा."

आता हे नीट ऐक. इंग्रजांच्या दाराला कुलूप बाहेरून दिसत नाही. चावी दाराच्या आत फिरते, घर भरलंय की रिकामं ते रस्त्यावरून कळत नाही. आपल्याकडे कसं, दाराला कुलूप लटकलं की घरात कोणी नाही, येणारा माघारी जातो. माझ्या ट्रंकेला सोलापुराहून पितळी कुलूप लावून आणलं होतं. मी म्हणाले, दाराला बाहेरून कडी-कोयंडा बसवा, ते कुलूप लटकवा. पोरांना वाटेल कोणी नाही, जातील पुढे.

हे तयार होईनात. म्हणाले, "बायकोला कोंडून कामावर जाऊ? कोणी बघितलं तर मला काय म्हणेल?"

"कोण बघतंय इथे," मी म्हणाले. "आणि कोंडताय कुठे? मागचं दार आहे की. त्याची कडी माझ्या हातात, आतून."

तरी दोन-तीन दिवस कुरकुरत होते. मग मीच रडले तेव्हा बसवला कोयंडा. आणि रोज निघताना पुढून कुलूप लावायचे, मग वळसा घालून मागच्या गल्लीतून यायचे आणि अंगणाच्या फाटकावरून विचारायचे, "मागची कडी चालतेय ना?" मी कडी काढून दाखवायची, पुन्हा लावायची. मग जायचे. मला हसू यायचं. म्हणायची, "अहो, संडासला मी इथूनच जाते, चालणारच ना." पण यांना बघितल्याशिवाय चैन नाही.

युक्ती चालली. पोरं कुलूप बघून पुढे जायला लागली. पण घर रिकामं दाखवायचं म्हटल्यावर आवाज कसा करणार? म्हणून टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. पडदे ओढलेले, दिवा नाही, आणि मी आपली मुकी चित्रं बघतेय. असे किती सिनेमे बघितले असतील. सैनिक परत आलाय, बायको दुसऱ्याबरोबर चहा पितेय. पाद्री सायकलवरून पडतोय. मोठ्या घरातली म्हातारी तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलतेय आणि मोलकरणीचा चेहरा उतरतोय. शब्द एक ऐकू येत नव्हता, त्यामुळे मी आपल्याच मनाने गोष्ट रचायची. रविवारी कांदे चिरता चिरता यांना सांगायची. एकदा यांनी तोच सिनेमा कारखान्यात कोणाकडून ऐकलेला होता. म्हणाले, "अगं, तो तिचा भाऊ आहे, नवरा नव्हे." म्हटलं, असेल, पण माझ्या गोष्टीत नवराच बरा दिसतो.

बाळ झालं, पोरं मोठी होऊन कुठे कुठे गेली, रस्त्यात आपली माणसं वाढली, कुलूप निघालं. टीव्ही रंगीत झाला. तोवर यांचे कान गेले होते. त्या मशिनींच्या खोलीत माणसं एकमेकांच्या कानाशी ओरडून बोलायची, ती सवय घरी आली. मीठ मागायचे तेसुद्धा शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. तुझ्या बाबाचे मित्र पहिल्यांदा यायचे तेव्हा दचकायचे. मग टीव्हीवर खाली अक्षरं यायची सोय आली आणि आमचं दोघांचं भलं झालं. यांना ऐकू येत नव्हतं, मला समजत नव्हतं, दोघं मिळून वाचायला लागलो. शाळेत मी सातवीपर्यंत, इंग्रजी एबीसीडीपुरती. बाकी सगळी शाळा माझी त्या अक्षरांची.

काय काय बघितलं आम्ही. पबमध्ये भांडणाऱ्या माणसांची मालिका, जी अजून चालू आहे आणि ज्यात ख्रिसमसला कोणीतरी मरायलाच लागतं. खेडेगावातले खून, जिथे फुलांच्या स्पर्धेवरून माणसं मारतात आणि इन्स्पेक्टर आधी चहा घेतो. हे पहिल्या दहा मिनिटांत खुनी सांगायचे, तेही ओरडून, आणि नेहमी चुकायचे. हॉस्पिटलची मालिका शनिवारी. वरच्या मजल्यावर साहेबलोक आणि खालच्या मजल्यावर नोकर अशी ती झुळझुळीत कपड्यांची मालिका लागली की हे म्हणायचे, "आपलं तिकीट खालच्या मजल्याचं." उत्तरेकडच्या कारखान्यांचे जुने सिनेमे यांना फार आवडायचे. अंगात गंजीफ्रॉक घातलेला माणूस स्वयंपाकघराच्या मोरीत तोंड धुतोय, बायको मागे उभी, घरात पैसा नाही आणि बोलायला शब्द नाहीत. हे पुढे सरकून बसायचे. "हा आपल्यातलाच," म्हणायचे. विनोदी कार्यक्रमांत डोकी हलवून आपल्या माणसांची टिंगल करायचे, तेव्हा मात्र हे उठून चहा टाकायचे. रागवायचे नाहीत. कार्यक्रम संपेपर्यंत तो चहा उकळायचा.

आणि फिल्म संपली तरी टीव्ही बंद करू द्यायचे नाहीत. शेवटची नावं संपेपर्यंत बसायचं. "एवढ्या माणसांनी काम केलंय, बसायला काय होतं," म्हणायचे.

हे गेले कोविडच्या आधीच्या हिवाळ्यात. तू नंतर कॉलेज संपवून टीव्हीत लागलीस. मला किती आनंद झाला होता, कोणाला सांगू. आपल्या घराण्यातली पहिली मुलगी, जिचं नाव त्या शेवटच्या नावांत येणार. तू आलीस, फोन टेबलावर ठेवलास, म्हणालीस, "आजी, तू सांग, आजोबा कसा होता, ते सगळा सांग." मी सगळं सांगितलं. पोरं सांगितली, फटाका सांगितला, पायपुसणं सांगितलं. कुलूप कोणाच्या डोक्यातून निघालं ते सांगितलं. मागच्या गल्लीतून येऊन कडी बघायचे तेही सांगितलं, आणि तू तेव्हा डोळे पुसलेस. पुसलेस ना? मी बघत होते.

तू म्हणालीस, ते कुलूप अजून आहे का? मी माळ्यावरून काढून घेतलं, चिंच लावून घासलं, सोन्यासारखं केलं आणि तुझ्या हातात दिलं.

फिल्म लागायच्या दिवशी मी मंडळाच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. तुझा बाबा म्हणत होता घरीच बघू, मीच ऐकलं नाही. मोठा पडदा लावून घेतला, साठ बटाटेवडे तळले, हिरवी चटणी केली. यांचे पत्त्यांच्या डावातले मित्र पुढच्या रांगेत बसवले. तूच म्हणाली होतीस, तुला शूटिंग आहे, येता येणार नाही.

सुरुवात किती छान होती. तो लाल विटांचा रस्ता, ते धुकं. माझं काम करणाऱ्या मुलीने पदर अगदी नीट घेतला होता, ते मी शेजारणीला दाखवलंसुद्धा. नवरा मात्र उंच, दाढीवाला, धिप्पाड. हॉलमध्ये कोणीतरी म्हणालं, "आमचा गडी एवढा कधी वाढला?" सगळे हसले. मीही हसले.

मग तो ओरडायला लागला. मीठ कमी म्हणून, चहा गार म्हणून. कारखाना कुठे दिसेना, मशीन दिसेना, कानाचं नाव नाही. नुसता ओरडणारा माणूस. आणि मग त्याने ते कुलूप उचललं. माझं कुलूप, मी घासलेलं. पडद्यावर एवढं मोठं दिसलं. तो बाहेर गेला, कुलूप लावलं, आणि ती आतून दार बडवायला लागली. रस्त्यावर एक पोरगं नाही. रस्ता रिकामा. आणि तुमच्या त्या घराला मागचं दारच नव्हतं.

मी म्हणाले, आता दाखवतील, पुढे दाखवतील. शेवटपर्यंत दाखवलं नाही. शेवटी ती खिडकी फोडून निघून जाते.

सगळे उठायला लागले तर मीच म्हणाले, थांबा, नावं संपेपर्यंत बसा, आमच्यात बसतात. नावं संपली आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, माझ्या आजीसाठी. तेवढ्या इंग्रजीची सगळ्यांना सवय आहे.

वडे तसेच. माझी जुनी मैत्रीण, जिचं बाळंतपण मी केलं, तिने माझा हात धरला.

"एवढं सोसलंस," म्हणाली, "आणि कधी बोलली नाहीस."

"अगं, असं नव्हतं," मी म्हणाले. "कुलूप मीच लावायला सांगितलं होतं."

"राहू दे आता. कशाला झाकायचं. गेला बिचारा."

"झाकत नाही. मागचं दार होतं ना. तू येत होतीस त्या दाराने."

"हो गं, हो," ती म्हणाली, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. लहान मुलाला फिरवतात तसा.

त्या दिवसापासून हेच चाललंय. मी जितकं नाही म्हणते तितकं लोकांना खरं वाटतं. यांचे पत्त्यांतले मित्र भेटले की हवेबद्दल बोलतात. पूर्वी यांच्या चुकलेल्या खुन्यांची आठवण काढून हसायचे, आता यांचं नाव निघालं की विषय बदलतात. महिला दिनाच्या कार्यक्रमाआधी मंडळाच्या नव्या मुली घरी आल्या. चांगल्या आहेत, आयटीतल्या, पुण्याच्या. म्हणाल्या, "काकू, तुम्ही घरातल्या अत्याचारावर बोलाल का? तुमचा अनुभव खूप एम्पॉवरिंग आहे." मी म्हणाले, मी लेटरबॉक्समधून आलेल्या फटाक्यावर बोलेन. एक जण दुसरीकडे बघायला लागली. मग म्हणाली, "तुम्हाला जेवढं कम्फर्टेबल वाटेल तेवढंच बोला, काकू." मी गेले नाही.

तुला फोन केला ते तुला आठवत असेल. मी विसरलेली नाही.

"आजी, तुला आवडला नाही का?"

"कुलूप आहे," मी म्हणाले, "पोरं कुठे गेली?"

"होती ना. पहिल्या दोन ड्राफ्टमध्ये होती. मग ते चॅनेलचे लोक म्हणाले, रेसिझमवर खूप झालंय, ऑडियन्स टायर्ड आहे. त्यांना इंटिमेट पाहिजे होता."

"इंटिमेट म्हणजे काय?"

"म्हणजे घरातला. फक्त दोघांचा."

"म्हणजे बाहेरच्यांनी केलं ते घरातल्याच्या अंगावर ढकलायचं."

"आजी, इट्स फिक्शन. तो आजोबा नाही आहे. त्याचा नाव पण वेगळा आहे."

"नाव वेगळं आहे, कुलूप माझं आहे. आणि खाली माझं नाव लिहिलंस."

"तुझं नाव नाही लिहिलं. आजी लिहिलं."

"अगं, आजी म्हणजे कोण?"

मग म्हणालीस, फिल्म बाहेरच्या देशांत विकली जाणार आहे, त्याआधी ती ओळ काढता येते का विचारते. "आय विल ट्राय, आजी." त्यानंतर तुझा फोन नाही. ख्रिसमसला कार्ड आलं, त्यावर इथल्या सगळ्या कार्डांवर असतो तो रॉबिन पक्षी होता.

मला तुझी अडचण कळत नाही असं नाही. आयुष्यभर टीव्ही बघितलेली बाई आहे मी. पाद्री सायकलवरून पडणार, म्हातारी टोमणा मारणार, आणि आपला माणूस आला की तो बायकोला कोंडणार. ते त्यांना आधीच माहीत असतं, त्यांना फक्त कुलूप पाहिजे असतं. तू नवी, एकटी, टेबलाभोवती सगळे जुने. तू किती भांडणार. पण मला एवढंच विचारायचंय, दोन ड्राफ्टनंतर पोरं काढलीस, तेव्हा कुलूपही का नाही काढलंस? पोरांशिवाय कुलूप ठेवलं की माणूस कसाई होतो, हे तुला कळत होतं. तुला शिकवलेलं असणार ते.

गेल्या आठवड्यात सोलापूरला धाकट्या दिरांना फोन केला. म्हटलं, तिकडे लागायच्या आत आपण होऊन सांगावं. यांनी त्यांना अंगाखांद्यावर वाढवलेलं, आता ते ऐंशीच्या घरात. मी सुरुवात केली तर म्हणाले, "बघितली वहिनी. नातवाने फोनवर दाखवली." मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"दादा असा वागत होता?" म्हणाले. "आम्हाला कधी कळवलं नाहीत तुम्ही."

मी सगळं सांगितलं. पोरं, फटाका, कुलूप, कडी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जाऊ दे वहिनी. माणूस गेला, त्याच्याबरोबर सगळं गेलं. तुम्ही मोठ्या मनाच्या आहात." आणि फोन ठेवला.

सख्ख्या भावाने असं म्हटल्यावर मी पुढे कोणाकडे जाऊ? खिडकीशी बसून राहिले. तुझ्या बाबाला विचारावं तर तो तेव्हा जन्मला नव्हता. तोही परवा म्हणाला, "आई, आवाज मोठा होता पण बाबांचा." म्हणजे त्याच्या मनातही आता शिरलंय. मैत्रिणीला पटत नाही, दिरांना पटत नाही. मी एकटी म्हणतेय, आणि माझ्या म्हणण्याला सगळे माझा चांगुलपणा समजतात.

तेव्हा राहिलीस तू. तुला मी फिल्म व्हायच्या आधी सांगितलं, तेव्हा माझ्याकडे झाकायला काही नव्हतं आणि वाचवायला कोणाचं नाव नव्हतं. ते तू माझ्या तोंडून ऐकलंस आणि तुला खरं वाटलं. या जगात माझ्याशिवाय ते खरं ठाऊक असलेली तू एकटी आहेस, आणि माझं वय तुला माहीत आहे. मी उद्या नसले तर तुझे आजोबा म्हणजे तो दाढीवालाच राहणार. ओळ काढता आली नाही तर नाही, मी तुझ्याशी भांडणार नाही, एक शब्द बोलणार नाही. पण मंडळात माझ्या शेजारी उभी राहून तुझ्या मोडक्यातोडक्या मराठीत एवढं सांगशील का, की आजी म्हणते ते खरं आहे? तुझं ऐकतील ते. तूच दाखवलंस, तूच म्हणालीस तर ऐकतील. रविवारी सगळे हॉलमध्ये असतात. शनिवारीच ये, राहायला ये, आणि लवकर ये.